जुन्या टॉर्चमध्ये एलईडी आणि बूस्टर: एका सेलवर पांढरा उजेड

बल्बच्या टॉर्चचा उजेड पिवळा पडला की आपण सेल काढून टाकून देतो. पुढच्या वेळी टाकण्याआधी त्या सेलला मल्टिमीटर लावून पाहा. बहुतेकदा १.१ किंवा १.२ व्होल्ट दिसतील. नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या किंचित वर असतो. म्हणजे सेलचा दाब उतरलेला आहे, पण आतला साठा अजून बराच शिल्लक आहे. बल्बला तो दाब पुरत नाही, एवढीच अडचण. हा उरलेला साठा वापरणारी टॉर्च आपण घरच्या टेबलावर बनवू शकतो. त्यासाठी एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, फेराइटची (चिनीमातीसारख्या चुंबकीय पदार्थाची) एक छोटी कडी, थोडी तांब्याची तार आणि एक पांढरा एलईडी पुरतो.

सोल्डरिंग गन हातात धरायला नुकतेच शिकलेल्यांसाठी हे लिहिते आहे. सर्किट लहान असले तरी जिथे नवशिके हमखास अडतात त्या दोन-तीन जागांवर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

एलईडीला थेट सेल का चालत नाही

लाल एलईडी १.८ ते २ व्होल्टवर पेटतो. पांढऱ्याला मात्र ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. पांढरा एलईडी आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर दिलेला असतो आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. साधारण ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या एका कणात सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. तेवढी ऊर्जा द्यायची तर एलईडीवर जवळपास तेवढाच दाब हवा, म्हणून १.५ व्होल्टवर तो मंदसुद्धा पेटत नाही. असा तेजस्वी निळा एलईडी बनवायला कित्येक वर्षे लागली, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हातातला पाच मिलिमीटरचा साधा एलईडी त्या संशोधनातूनच आला आहे.

दोन सेल एकामागे एक जोडले तर ३ व्होल्ट होतात आणि पांढरा एलईडी कसाबसा पेटतो. पण सेल थोडे वापरले की दाब २.६ च्या आसपास येतो आणि उजेड नावापुरता उरतो. तीन सेल जोडले तर ४.५ व्होल्ट होतात. मग मध्ये रेझिस्टर घालावा लागतो, नाहीतर एलईडी जळतो. २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी (४.५ − ३.२) ÷ ०.०२ = ६५ ओहम येतात, म्हणून बाजारात मिळणारा ६८ ओहमचा रेझिस्टर चालतो. ही तीन सेलची जोडणी सोपी आहे आणि ती वाईट नाही. पण तिच्यात प्रत्येक सेलमधली बरीच ऊर्जा तशीच राहून जाते, कारण दर सेलमागे दाब १.१ च्या खाली आला की उजेड मावळतो. बूस्टर, म्हणजे दाब चढवणारे सर्किट, नेमका इथेच उपयोगी पडतो.

जुना बल्ब किती वीज पितो तेही पाहून घ्या. दोन सेलच्या टॉर्चमधला नेहमीचा बल्ब २.४ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे १.२ वॉट. त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. पाच मिलिमीटरचा एलईडी ३.२ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरवर ६४ मिलिवॉट घेतो. बूस्टरमधला तोटा धरला तरी सेलवरचा भार बल्बच्या दहाव्या हिश्शाजवळ येतो. म्हणून अशी टॉर्च तासन्‌तास चालते. पण ती लांब झोत टाकणारी नसते. रात्री वाट दिसण्यापुरता, कुलपाचे भोक सापडण्यापुरता, उशाशी ठेवण्यापुरता उजेड तिच्याकडून मिळतो. एवढी अपेक्षा धरून कामाला लागा.

बूस्टर काय करतो

नळ जोरात वाहत असताना एकदम बंद केला की पाइपात ‘ठक्‌’ असा धक्का बसतो. वाहते पाणी एकाएकी थांबू शकत नाही, म्हणून बंद तोटीपाशी क्षणभर दाब वाढतो. तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा विद्युतप्रवाहही असाच वागतो. वाट अचानक अडवली की वेटोळ्याच्या टोकाशी दाब उसळतो, आणि हा उसळलेला दाब सेलच्या दाबात मिळून एलईडीतून वाट काढतो.

प्रश्न एवढाच, की सेकंदाला हजारो वेळा ही तोटी उघड-बंद कोण करणार? ट्रान्झिस्टर. आणि ट्रान्झिस्टरला इशारा कोण देणार? त्याच कडीवर गुंडाळलेली दुसरी तार. सेल जोडला की रेझिस्टरमधून थोडा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसकडे, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाकडे जातो. ट्रान्झिस्टर किंचित उघडतो आणि पहिल्या तारेतून प्रवाह वाढू लागतो. त्या वाढत्या प्रवाहामुळे दुसऱ्या तारेत दाब तयार होतो आणि तो बेसला आणखी रेटा देतो, त्यामुळे ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. पुढे एक क्षण असा येतो की फेराइट चुंबकत्वाने भरून जातो किंवा ट्रान्झिस्टरला आणखी प्रवाह पेलवत नाही. प्रवाहाची वाढ थांबते, दुसऱ्या तारेतला दाब उलटतो, ट्रान्झिस्टर झटकन बंद होतो आणि साठलेली ऊर्जा एलईडीतून बाहेर पडते. कडी रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र सेकंदाला हजारो, बहुतेकदा लाखभर वेळा चालते, म्हणून डोळ्याला लुकलुक अजिबात जाणवत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदिष्टांत या सर्किटला ‘जूल थीफ’ म्हणतात. जूल हे ऊर्जेचे एकक, आणि थीफ म्हणजे चोर. सेलमधले उरलेसुरले जूल काढून घेणारा, म्हणून हे नाव. याचे आजचे साधे रूप १९९९ साली एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात आल्यावर जगभर पसरले.

सामान

ट्रान्झिस्टर एनपीएन प्रकारचा हवा. पुष्कळ जण हाताशी असतो म्हणून बीसी ५४७ घेतात आणि तो चालतोही. पण त्याची प्रवाहाची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, आणि या सर्किटमध्ये क्षणभर का होईना, त्याहून जास्त प्रवाह सहज वाहतो. त्याऐवजी ८०० मिलिअँपिअर सोसणारा बीसी ३३७ किंवा ६०० पर्यंतचा २एन४४०१ घ्या. दिसायला सगळे सारखेच, अर्धगोल काळ्या प्लास्टिकचे.

पायांची रचना मात्र सारखी नसते. नवशिक्यांची सर्वात जास्त सर्किटे याच कारणाने बंद राहतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी ५४७ व बीसी ३३७ चे पाय डावीकडून कलेक्टर (प्रवाह आत घेणारा), बेस, एमिटर (प्रवाह बाहेर सोडणारा) असे असतात. २एन३९०४ आणि २एन४४०१ मध्ये ते बरोबर उलट, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर. बेस दोन्हींत मधोमध असल्यामुळे चूक नजरेत येत नाही. मी सुरुवातीला एका सर्किटवर अख्खी संध्याकाळ घालवली होती. जोडणी पुन्हा पुन्हा तपासली, कडीवरची तार उकलून पुन्हा गुंडाळली, आणि शेवटी ट्रान्झिस्टर उलटा फिरवल्याबरोबर एलईडी पेटला. तेव्हापासून नवीन ट्रान्झिस्टर घेतला की त्याचा क्रमांक भिंगातून वाचते आणि पाय कागदावर काढून ठेवते.

रेझिस्टर १ किलोओहमचा, पट्ट्या तपकिरी, काळा, लाल. एलईडी पाच मिलिमीटरचा पांढरा. रंग निवडायची संधी असेल तर वॉर्म व्हाइट घ्या. रात्री उशाशी ठेवायच्या टॉर्चला साधारण ३००० केल्विनचा उबदार उजेड डोळ्याला सुखावतो. निळसर कूल व्हाइट थोडा जास्त उजळ वाटतो, पण काळोखात डोळे दिपवतो.

फेराइटची कडी सुमारे १० ते १२ मिलिमीटर व्यासाची हवी, नाहीतर ती टॉर्चच्या डोक्यात मावणार नाही. बंद पडलेल्या सीएफएल दिव्याच्या बुडातल्या सर्किटवर अशी छोटी कडी असते. ती काढताना दोन गोष्टी सांभाळा. काचेची नळी फोडू नका, तिच्यात पारा असतो. आणि नुकताच वापरलेला दिवा उघडू नका, कारण त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार साठलेला असू शकतो. कंप्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये पिवळ्या-पांढऱ्या रंगाच्या मोठ्या कड्या सापडतात. त्या लोहचूर्णाच्या असतात, फेराइटच्या नव्हेत, आणि इथे नीट काम देत नाहीत. चुंबक दोन्हींना चिकटतो, त्यामुळे चुंबकाने पारख होत नाही. रंग न दिलेली, काळपट-राखाडी, चिनीमातीसारखी कडक आणि ठिसूळ कडी दिसली तर ती बहुधा फेराइटची.

तार इनॅमलचा मुलामा दिलेली तांब्याची, ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीची. शक्यतो दोन वेगळ्या रंगछटांची घ्या. तसे जमले नाही तर प्लास्टिकचे बारीक आवरण असलेली दोन रंगांची तारही चालते, मात्र वेढे कमी बसतात.

वेढे

सोयीसाठी तारा लाल आणि हिरवी धरू. दोन्ही शेजारी शेजारी धरून, जोडीनेच, कडीतून ओवत जा. कडीच्या भोकातून तार एकदा आरपार गेली की एक वेढा. वीस वेढे पुरेत. पंधरा किंवा पंचवीस झाले तरी काही बिघडत नाही, फक्त दोन्ही तारांचे सारखे असू द्या. वेढे कडीवर सगळीकडे पसरलेले असावेत आणि तार ताणून बसलेली असावी. फेराइटच्या कडा धारदार असल्या तर मुलामा खरवडून तार उघडी पडते, म्हणून कडा आधी बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्या.

आता चार टोके हातात आहेत: लालची सुरुवात व शेवट, हिरव्याची सुरुवात व शेवट. लालचा शेवट आणि हिरव्याची सुरुवात एकत्र पिळा. ही जोडी सेलच्या धन टोकाला जाणार. उरलेली लालची सुरुवात कलेक्टरला आणि हिरव्याचा शेवट रेझिस्टरमधून बेसला जाईल. दोन्ही तारांची सुरुवात-सुरुवात जोडली तर दुसरी तार बेसला रेटा देण्याऐवजी त्याला मागे ओढते आणि चक्र सुरूच होत नाही.

टोकांवरचा मुलामा चाकूच्या पात्याने किंवा पॉलिश पेपरने चारही बाजूंनी खरवडून, खालचे तांबे चकचकीत दिसेपर्यंत साफ करा. मग गरम गनने त्यावर कथलाचा पातळ थर चढवा. थर सगळीकडून एकसारखा बसला तर तार तयार. थेंब बनून घसरला तर मुलामा अजून शिल्लक आहे. मल्टिमीटरने प्रत्येक तारेची दोन टोके तपासा, जवळजवळ शून्य ओहम दिसायला हवेत. आणि पिळण्याआधी लाल व हिरव्या तारेचा एकमेकींशी संपर्क नाही ना, तेही पाहून घ्या.

आधी टेबलावर

टॉर्चकडे अजून पाहूही नका. सर्किट प्रथम ब्रेडबोर्डवर (डाख न लावता भाग खोचून जोडायच्या पट्टीवर) किंवा उघड्यावरच जोडा. पिळलेली जोडी सेलच्या धन टोकाला. लालची सुरुवात कलेक्टरला. हिरव्याचा शेवट १ किलोओहमच्या रेझिस्टरला आणि रेझिस्टरचे दुसरे टोक बेसला. एमिटर सेलच्या ऋण टोकाला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला आणि आखूड पाय एमिटरला. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या गोल कडेला जिथे सपाट खाच आहे ती बाजू ऋण.

सेल लावा, एलईडी पेटायला हवा. डोळ्यासमोर धरून थेट आत पाहू नका, भिंतीवर उजेड पाडून पाहा.

पेटला नाही तर आधी एलईडी उलटा करून पाहा. मग हिरव्या तारेची दोन टोके आपसात बदला. मग ट्रान्झिस्टरचे पाय. बहुतेकदा चूक यातच सापडते. ते तपासून झाल्यावरही अंधारच असेल तर मुलामा नीट निघाला आहे का ते पुन्हा पाहा, कारण डाख दिसायला बसलेला असतो आणि आत तार सुटीच असते.

एक सूचना लक्षात ठेवा: एलईडी जोडलेला नसताना सर्किट चालू करू नका. ऊर्जेला वाट नसली की कलेक्टरवरचा दाब कित्येक पटींनी उसळतो. त्याने माणसाला इजा होत नाही, पण बीसी ३३७ सारख्या ४५ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरचा बळी जाऊ शकतो.

पेटल्यावर ज्या ‘संपलेल्या’ सेलने बल्ब पिवळा पडला होता तोच इथे लावा. एक व्होल्टवरसुद्धा उजेड पांढरा राहतो, कमी होतो पण पिवळा पडत नाही. सर्किट सुरू व्हायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, कारण सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बेस त्याखाली उघडत नाही. एकदा चालू झाले की त्याहून थोड्या कमी दाबावरही टिकते.

मोजमाप

इथे घाई करू नका. सेलमधून किती प्रवाह जातो ते मोजायला मल्टिमीटर सेल आणि सर्किट यांच्यामध्ये जोडावा लागतो. २०० मिलिअँपिअरच्या श्रेणीवर मीटरचा स्वतःचा रोध ओहमभर असतो, आणि एका सेलच्या सर्किटमध्ये तेवढ्यानेही दाब पडून उजेड बदलतो. म्हणून १० अँपिअरची श्रेणी वापरा. आकडा ठोकळ दिसेल, पण खरा दिसेल.

एलईडीतला सरासरी प्रवाह पाहायचा तर त्याच्या ऋण पायात १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्या रेझिस्टरवरचा डीसी दाब मोजा. ०.१७ व्होल्ट आले तर प्रवाह १७ मिलिअँपिअर. समजा १.२ व्होल्टच्या सेलमधून ८० मिलिअँपिअर जात आहेत, म्हणजे ९६ मिलिवॉट आत. एलईडीला १७ मिलिअँपिअर आणि ३.२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ५४ मिलिवॉट. कार्यक्षमता ५६ टक्के. या साध्या सर्किटकडून ५० ते ६० टक्के मिळाले तर समाधान माना. २००० मिलिअँपिअर-तासांचा एए (पेन्सिल) सेल ८० मिलिअँपिअरने जवळपास २५ तास चालेल. पुढे दाब उतरतो तसा प्रवाह कमी होत जातो, म्हणून मंद उजेड त्यानंतरही कितीतरी वेळ मिळतो.

उजेड वाढवायचा तर १ किलोओहमच्या जागी ६८० किंवा ४७० ओहम लावून पाहा. प्रत्येक बदलानंतर दोन्ही मोजमापे वहीत टिपा. सेलमधला प्रवाह दुप्पट होतो आणि एलईडीतला थोडासाच वाढतो, अशी जागा लवकरच येते. तिथून मागे या. एलईडीचा सरासरी प्रवाह २० च्या वर नेऊ नका.

दोन सुधारणा करण्यासारख्या आहेत. पहिली, सेलच्या दोन टोकांवर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. उतरलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्याला झटके देऊन प्रवाह ओढला की दाब कोलमडतो. कपॅसिटर ते झटके झेलतो, आणि फरक डोळ्यांना दिसतो. दुसरी सुधारणा म्हणजे एलईडीआधी एक डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) आणि एलईडीवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे एलईडीला झटक्यांऐवजी सलग प्रवाह मिळतो. डायोड शॉट्की, म्हणजे झटकन बंद होणाऱ्या प्रकारचा हवा, १एन५८१७ किंवा १एन५८१९. सगळीकडे सापडणारा १एन४००७ इथे लावू नका, एवढ्या वेगात तो वेळेवर बंद होत नाही आणि ऊर्जा वाया जाते. टॉर्चमध्ये जागा अपुरी असेल तर दुसरी सुधारणा सोडून द्या. तिच्यावाचून काही अडत नाही.

टॉर्चमध्ये बसवताना

खरी कसोटी इथे आहे. बल्बला धन-ऋण कसेही चालते, आपल्या सर्किटला चालत नाही. बहुतेक टॉर्चमध्ये सेलची टोपी बल्बच्या टोकाला टेकते, म्हणजे टोक धन आणि बल्बची पितळी बाजू ऋण. पण गृहीत धरू नका. सेल घालून, बटण दाबून, बल्बच्या घरात मल्टिमीटर लावून खात्री करा.

जुन्या बल्बचे पितळी बूड फार कामाचे असते, ते वाचवा. बल्ब जाड कापडात गुंडाळून काच पक्कडीने दाबून फोडा. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि काचेचे कण कापडासकट कागदात बांधून टाका. बुडाच्या आतली पांढरी खळ कोरून काढली की आत सर्किटला सेल जोडणाऱ्या दोन तारा डाखता येतात. मधल्या टोकाला सेलचा धन आणि कडेला ऋण. आता हे बूड मूळ बल्बसारखेच घरात बसते, आणि टॉर्चचे बटण जसेच्या तसे वापरता येते.

सर्किट बुडाच्या आत मावत नाही, पण रिफ्लेक्टरमागच्या पोकळीत बहुधा मावते. त्यासाठी सर्किट बोर्डाची प्लेट वापरू नका. कडी मध्ये, ट्रान्झिस्टर तिच्या भोकात आडवा किंवा पाठीला, रेझिस्टर त्याच्या पायांवर, अशी गाठोड्यासारखी रचना करा. प्रत्येक उघड्या सांध्यावर हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा. टॉर्चचे अंग धातूचे असेल तर ते बहुतेकदा ऋण वाहून नेते, आणि एखादा पाय तिथे टेकला तर सेलचा शॉर्ट होतो. बंद करण्याआधी धन टोक आणि अंग यांच्यात मल्टिमीटरने संपर्क तपासा, सूचक ‘बीप’ वाजता कामा नये. मग गाठोड्याला गरम गोंदाचा एक ठिपका द्या, म्हणजे टॉर्च पडल्यावर आतले काही हलणार नाही.

टॉर्च दोन सेलची असेल तर दुसऱ्या सेलच्या जागी काय ठेवायचे? मी लाकडी काठीचा तुकडा वापरते. एए सेल सुमारे १४.५ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब असतो. त्याच मापाची काठी कापून मधोमध भोक पाडा, आरपार लांब स्क्रू घाला, दुसऱ्या टोकाला नट घट्ट करा. स्क्रूचे डोके आणि नट दोन्हींनी मिळून लांबी ५० च्या आसपास भरली पाहिजे. हा खोटा सेल फक्त प्रवाह पुढे नेतो.

दोन्ही सेल घालून का नाही चालवायचे, याला कारण आहे. बूस्टर सेलला अगदी तळापर्यंत ओढतो. दोन सेल एका रांगेत असले आणि त्यातला एक आधी रिता झाला, तर दुसरा त्याच्यातून उलटा दाब ढकलतो. असा सेल हमखास गळतो. अल्कलाइन सेलमधून गळणारे पांढरे द्रव्य दाहक असते आणि पितळी संपर्क खाऊन टाकते. आधीच गळलेली टॉर्च हाती आली असेल तर हातमोजे घालून कापसाच्या काडीने व्हिनेगर लावा, मग ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. एका सेलवरही, उजेड अगदी मिणमिणता झाला की सेल काढून घ्या. रिता सेल टॉर्चमध्ये महिनोन्‌महिने ठेवला तर तोही गळतो.

रिफ्लेक्टर आणि उजेडाचा आकार

बल्बची तार चहूबाजूंना उजेड फेकते आणि रिफ्लेक्टर तो गोळा करून पुढे वळवतो. पाच मिलिमीटरच्या एलईडीला स्वतःचेच भिंग असते. तो सगळा उजेड पुढेच टाकतो आणि रिफ्लेक्टरला काही कामच उरत नाही. त्यामुळे भिंतीवर छोटा उजळ गोल पडतो आणि बाजूला अंधार. वाचायला किंवा वस्तू शोधायला पसरट उजेड हवा. त्यासाठी एलईडीचा घुमट बारीक पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करा. आणखी पसरट हवा तर वरचा थोडा भाग सपाट करा, पण आत चिपवर जी केसासारखी बारीक तार दिसते तिच्या जवळ जाऊ नका. माझ्या मते नुसता खरखरीत घुमटच सर्वात छान दिसतो: मध्ये मऊ उजेड, कडा हळूहळू विरत जाणाऱ्या.

कोणते सेल, कोणते नाहीत

निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि दाब शेवटपर्यंत सपाट ठेवतात, त्यामुळे उजेडही एकसारखा मिळतो. पण हे सेल ०.९ व्होल्टच्या खाली गेले की त्यांचे आयुष्य घटते, आणि आपले सर्किट तिथे थांबत नाही. म्हणून उजेड उतरताना दिसताच ते चार्जिंगला लावा. पिळून काढण्यासाठी टाकाऊ अल्कलाइन सेलच बरे.

एए सारखाच दिसणारा ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल, ज्याला १४५०० म्हणतात, तो या टॉर्चमध्ये कधीही घालू नका. बूस्टर दाब चढवू शकतो, उतरवू शकत नाही. सेलचा दाब एलईडीच्या दाबापेक्षा जास्त असला की प्रवाह वेटोळ्यातून थेट एलईडीत शिरतो आणि त्याला अडवणारे कोणीच नसते. टॉर्च दुसऱ्याला देणार असाल तर आत ‘फक्त १.५ व्होल्ट’ अशी चिठ्ठी चिकटवून द्या.

तयार बूस्टर मॉड्यूल घ्यावे का

वेढे गुंडाळण्याची हौस नसेल तर एमटी३६०८ चिपचे टपाल तिकिटाएवढे मॉड्यूल मिळते. त्याला आत किमान २ व्होल्ट लागतात, म्हणजे एका सेलवर ते चालत नाही, आणि दोन सेलही शेवटपर्यंत पिळले जात नाहीत. मुख्य म्हणजे ते दाब ठरवते, प्रवाह नाही, म्हणून एलईडीसाठी रेझिस्टर लागतोच. एलईडी जोडण्याआधी बाहेर येणारा दाब मीटरवर पाहत मॉड्यूलवरचा दाब ठरवणारा स्क्रू फिरवा. सुरुवातीचे कित्येक फेरे काहीच बदलत नाही, तेव्हा मॉड्यूल बिघडले असे समजू नका.

दाब ५ व्होल्ट ठेवून एका एलईडीला १०० ओहम लावले तर १८ मिलिअँपिअर जातात, पण ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग रेझिस्टरमध्ये तापतो. त्यापेक्षा दोन एलईडी एका रांगेत जोडा, दाब ८ व्होल्ट करा, रेझिस्टर ८२ ओहमचा. (८ − ६.४) ÷ ८२ = १९.५ मिलिअँपिअर, तोटा पाचवा हिस्सा, आणि उजेड दुप्पट.

एक वॉटचा एलईडी पाहून मोह होतो. त्याला ३५० मिलिअँपिअर लागतात आणि एका एए सेलमधून ते काढायचे तर सेलवर अँपिअरहून जास्त भार येतो. अल्कलाइन सेल तेवढ्यात कोलमडतो. शिवाय मागे अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा नसेल तर एलईडी तापून लवकर मंदावतो. त्यासाठी प्रवाह नियंत्रित करणारा वेगळा ड्रायव्हर लागतो. वेढ्यांचे सर्किट दोनदा नीट पेटवून, मोजून झाल्यावरच तिकडे वळा.